जमिनीकडून सुटलेला वारा: लाइम बे, २२ मार्च १९९३

गणपती आटोपून दर्या निवळला की दरवर्षी देवबागला आमच्याकडे दोन-तीन नवी पोरं कामाला येतात. होडीवरच वाढलेली, पाण्यात माशासारखी. वल्हं कसं मारायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना पाण्यात उतरवतच नाही. माडाखाली बसवते आणि कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीच्या, एका सहलीत घडलेल्या दुर्घटनेचं प्रकरण सांगते. ते आपल्या किनाऱ्यावरचं नाही, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं आहे, आणि घडलं तेव्हा या पोरांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता. तरी नवख्या माणसांना कयाकमध्ये बसवून समुद्रात नेणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तोंडी सांगताना काही ना काही सुटतं, म्हणून यंदा सगळं सलग लिहून काढलं.

लाइम रेजिस हे डॉर्सेटमधलं, लाइम बे या उपसागराकाठचं छोटं बंदर. ‘कॉब’ नावाचा जुना, वळणदार दगडी धक्का समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्या कुशीत होड्या उभ्या असतात. तिथून पूर्वेला चारमाउथपर्यंत काळपट मातीचे कडे आहेत. पावसात ते ढासळतात आणि त्यांच्या पोटातून जीवाश्म बाहेर पडतात. मेरी ॲनिंग याच गावची. १८११-१२ साली तिने आणि तिच्या भावाने इथेच इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला, तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची होती. चारमाउथच्याही पुढे गोल्डन कॅप आहे, १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं सगळ्यात उंच टोक. २००१ साली हा सगळा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत गेला. असा किनारा पाण्यावरून बघावा असं कुणालाही वाटेल, आणि बघायचा तर कयाकसारखं दुसरं वाहन नाही. इंजिनचा आवाज नाही, डोळे पाण्यापासून दोन-अडीच फुटांवर, आणि कडा मान वर करून बघावा लागतो. कॉब ते चारमाउथ हे अंतर अवघं तीनेक किलोमीटर. नवख्यांना न्यायला याहून सोपी वाट कुणी सांगणार नाही.

ते कडे तेवढे लक्षात ठेवा.

ती सकाळ

२२ मार्च १९९३, सोमवार. आपल्याकडे मुंबईतल्या १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांना तेव्हा दहा दिवस झाले होते आणि वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली होती. इंग्लंडमधल्या शाळेच्या एका सहलीचं काय झालं, याकडे इथे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं.

प्लिमथच्या साउथवे शाळेतली आठ मुलंमुली, सोळा-सतरा वर्षांची, आपल्या एका शिक्षकांबरोबर लाइम रेजिसच्या सेंट अल्बन्स या साहस केंद्रात आली होती. समुद्रातल्या कयाकिंगला सगळे नवखे. त्यांच्याबरोबर केंद्राचे दोन तरुण प्रशिक्षक, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणजे एकूण अकरा माणसं. दोन्ही प्रशिक्षकांकडे कयाकिंगमधलं अगदी पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र होतं. अशा प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच की या माणसाला शांत पाण्यात स्वतःची कयाक सांभाळता येते. नऊ नवख्यांना समुद्रात कसं न्यायचं आणि कसं परत आणायचं, हे त्यात येत नाही.

बरोबर काय नव्हतं ते सांगते. संकटात आकाशात सोडायचे दिवे नव्हते. रेडिओ नव्हता. सोबतीला इंजिनची होडी नव्हती. आणि कयाकच्या तोंडावर ताणून बसवायचा पडदा, ज्याला स्प्रे डेक म्हणतात, तो मुलांना दिलेला नव्हता. हा पडदा कमरेला घागऱ्यासारखा घालतात आणि त्याची कड कयाकच्या भोकाभोवती अडकवतात. लाट अंगावर आली तरी मग पाणी आत जात नाही.

सकाळी दहाच्या सुमारास मंडळी निघाली. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपायचं होतं.

वारा

वारा जमिनीकडून समुद्राकडे होता.

शाळेच्या भूगोलात आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते तेव्हा समुद्राकडून येतात ते खारे. रात्री जमीन आधी निवते, मग जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून हमखास यायचं. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात मतलई वारा पहाटेपासून नऊ-दहापर्यंत चालतो, आणि त्या वेळात समुद्र आरशासारखा असतो. फोटो काढणारे, पहिल्यांदा कयाकमध्ये बसणारे, सगळ्यांना हीच वेळ आवडते.

हा आरसा कसा होतो बघा. वारा येतो पाठीमागून, माडांवरून आणि घरांच्या कौलांवरून. काठाजवळच्या पाण्याला तो धड लागतच नाही. लाट उठायची तर वाऱ्याला पाण्यावरून धावायला अंतर हवं, आणि काठाशी ते अंतर नसतं. थोडं आत गेलं की वारा पाण्याला टेकतो, बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. आणखी आत गेलं की लाट कयाकच्या कडेइतकी होते, आणि जितकं बाहेर जाल तितकी ती वाढत जाते. त्यात भर म्हणजे, काठावर उभं राहून बघणाऱ्याला या लाटांच्या पाठी दिसतात. त्यांचं तोंड, फुटलेला पांढरा फेस, सगळं पलीकडच्या अंगाला. त्यामुळे काठावरून समुद्र आहे त्यापेक्षा शांत वाटतो. मागे माडांऐवजी उंच कडे असले की आडोसा आणखी वाढतो आणि फसगतही. लाइम रेजिसला मागे कडे होते.

तिथला त्या दिवशीचा वारा आपल्या मतलईसारखा रोज ठरल्या वेळी येणारा आणि ऊन चढलं की पडणारा नव्हता. तो हवामानाचा वारा होता, दुपारी आपोआप दिशा बदलण्याची आशा त्यात नव्हती. कयाकमधल्या माणसावर परिणाम मात्र तोच. नवखा माणूस सपाट पाण्यात तासाला चारेक किलोमीटर जातो. समोरून ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा असेल तर त्याचे दोन निघाले तरी पुष्कळ म्हणायचे. दमून हात थांबले की तो मागे जायला लागतो, आणि मागे म्हणजे बाहेर, जिथे लाट मोठी आहे.

मी या धंद्यात नवी होते तेव्हा आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्यांनी, मला एका वाक्यात हे सगळं सांगितलं होतं. सकाळी सात वाजता मी खुशीत कयाक ओढत होते. ते जाळं निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पाणी गप दिसता तेवा पाण्याकडे बगू नको गो बाय. माडाकडे बग.” मी बघितलं. झावळ्या एका अंगाला, समुद्राच्या दिशेला ओढल्यासारख्या झाल्या होत्या आणि सळसळत होत्या. खाली पाण्यावर एक रेघ नव्हती. त्या दिवसापासून निघण्याआधी मी मूठभर कोरडी वाळू खांद्याच्या उंचीवरून सोडते. पायाशी पडली तर ठीक. समुद्राकडे उडून पडली तर बेत बदलायचा.

पहिला माणूस पाण्यात पडतो

निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटली. एक प्रशिक्षक त्यांच्या मदतीला गेला.

इथे कयाकबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण मालवण-देवबागला किंवा गोव्यात पाळोळ्याला पर्यटक ज्या कयाक बघतात त्या वेगळ्या. त्या वर बसायच्या असतात. प्लास्टिकची पोकळ, बंद फळी म्हणा, तिला आरपार भोकं. पाणी आलं की भोकांतून निघून जातं, उलटली तर सरळ करून पोटावर चढायचं. लाइम बेमधल्या कयाक आत बसायच्या होत्या. पाय आत, कमरेभोवती भोक. अशी कयाक पडद्याशिवाय उलटली की तिच्यात शंभर लिटरपेक्षा जास्त पाणी सहज शिरतं, म्हणजे दोन माणसांचं वजन. ती नुसती सरळ करून उपयोग नसतो, रिकामी करावी लागते. मदत करणारा तिचं टोक आपल्या कयाकवर ओढून घेतो, पालथी करतो, हेलकावे देऊन पाणी काढतो, पुन्हा सरळ करून घट्ट धरतो, आणि मग पाण्यातला माणूस वर चढतो. सराव असलेल्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तो वर चढलेला माणूस घाबरलेला असतो, अंग ताठ झालेलं असतं, आणि लाट येत राहते. मग तो पुन्हा पडतो. शिक्षकांचं तेच झालं. ते पुन्हा पुन्हा पडत राहिले.

दुसऱ्या प्रशिक्षिकेने इकडे आठही मुलांना एकत्र केलं आणि एकमेकांच्या कयाकच्या कडा धरायला लावून तराफा बनवला. तंत्र म्हणून हे बरोबर आहे. शेजारी शेजारी धरलेल्या कयाक सहसा उलटत नाहीत. पण तराफ्यातला कुणीच वल्हं मारत नाही, आणि नऊ माणसांची पाठ वाऱ्याला मिळते. तो शिडासारखा वाहत जातो. शिक्षक आणि त्यांना धरून असलेला प्रशिक्षक एकीकडे, तराफा दुसरीकडे. मधलं अंतर वाढत गेलं आणि दोन्ही गट एकमेकांना दिसेनासे झाले.

या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात जास्त छळतो. दोघांपैकी कुणीही बेजबाबदारपणे वागलं नाही. एकाने पडलेल्याला सोडलं नाही, दुसरीने मुलांना विखरू दिलं नाही. प्रत्येकाने समोर दिसणारं काम केलं. पण पहिला माणूस पडला तेव्हा किनारा जवळ होता. त्याच क्षणी ‘सगळे मागे फिरा, सहल संपली’ असं म्हणायला लागतं, आणि ते म्हणायला अनुभव लागतो. मागे फिरलो तर केंद्रात काय म्हणतील, मुलांचा विरस होईल, आणखी एकदा प्रयत्न करून बघू, हे सगळे विचार मी स्वतः केलेले आहेत. त्यामुळे त्या दोन तरुण पोरांवर बोट ठेवायला माझा हात धजत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते विस्ताराने सांगवत नाही. तराफा बाहेर गेला तशा लाटा वाढल्या. पडदे नव्हते, पाणी आत येत राहिलं, एकेक कयाक भरली आणि एकेक जण पाण्यात गेला. मार्चमध्ये तिथल्या समुद्राचं तापमान आठ-नऊ अंश सेल्सिअस असतं. त्या पाण्यात पहिली मिनिटं श्वासच हातात राहत नाही, धाप लागते. नंतर बोटं, मग हातपाय ऐकेनासे होतात, दोरी धरणंही जमत नाही. मग अंगातली ऊब उतरत जाते आणि शुद्ध हरपते. मुलं तासन् तास पाण्यात होती.

किनाऱ्यावरचं घड्याळ

जेवणाची वेळ होऊन गेली.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास एका मासेमारी बोटीला भर समुद्रात रिकामी कयाक सापडली आणि बोटीवरून तटरक्षकांना कळवलं गेलं. केंद्राकडून तटरक्षकांना निरोप गेला तो साधारण साडेतीनला. हेलिकॉप्टर आणि बचाव नौका पोचून सगळ्यांना बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. अकरापैकी सात जण वाचले. दोन मुलगे आणि दोन मुली गेल्या.

सकाळी दहाला निघालेल्या, तीन किलोमीटरच्या सहलीला गेलेल्या अकरा माणसांची चौकशी दुपारी साडेतीनला. पाण्यातल्या दोघांची चूक काढताना लोक या साडेपाच तासांकडे बघत नाहीत. पाण्यात असलेल्याकडे कळवायचं साधन नसेल, तर एकच साधन उरतं: किनाऱ्यावर कुणीतरी घड्याळ बघत बसलेलं असणं. त्याने काय बघायचं, किती वाजता घाबरायचं आणि कुणाला फोन करायचा हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं लागतं. घाबरायची वेळ ठरलेली नसली की माणूस थांबतो. ‘येतील, पाच मिनिटांत येतील’, ‘चारमाउथला उतरून चहा पीत बसले असतील’. आपल्या घरचं कुणी उशिरा येतं तेव्हा आपणही असंच करतो. पाच मिनिटं, मग आणखी दहा.

वर्षभरापूर्वीचं पत्र

तपासात एक पत्र बाहेर आलं. दुर्घटनेच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, याच केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षिततेच्या कारणावरून नोकरी सोडली होती. जाताना त्यांनी कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक पीटर काइट यांना लिहून कळवलं होतं की साधनं पुरेशी नाहीत, माणसं पुरेशी शिकलेली नाहीत, हे असंच चाललं तर एक दिवस कुणाच्या तरी आईबापांना त्यांचं मूल घरी का आलं नाही ते सांगायची वेळ येईल.

मी पोरांना हे सांगते तेव्हा त्यांच्यातला एक तरी विचारतो, “मग त्यांनी काही केलं नाही?” काहीच केलं नाही असं नसेलही, पण त्या सकाळी कॉबवरून निघालेल्या मुलांपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये विंचेस्टरच्या न्यायालयात निकाल लागला. काइट सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले, तीन वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती दोन वर्षांवर आली. त्यांची कंपनी ओ.एल.एल. लिमिटेड हीसुद्धा त्याच गुन्ह्यात दोषी ठरली आणि तिला साठ हजार पौंड दंड झाला. केंद्राच्या व्यवस्थापकाबद्दल ज्युरीचं एकमत झालं नाही, तो सुटला. इंग्लंडमध्ये एखादी कंपनी या गुन्ह्यात दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ होती.

पहिलीच का, ते समजून घेण्यासारखं आहे. १९८७ च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या झीब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. तिच्या कंपनीवरचा खटला १९९० मध्ये कोसळला, कारण कायद्याला असा एक वरिष्ठ माणूस दाखवावा लागत होता की ज्याचं डोकं म्हणजेच कंपनीचं डोकं, आणि चूक त्याची स्वतःची. मोठ्या कंपनीत ती चूक इतक्या टेबलांवर वाटलेली असते की एका माणसापाशी बोट थांबत नाही. ओ.एल.एल. छोटी होती. निर्णय एकाच माणसाच्या हातात होते आणि धोक्याचं पत्र त्याच माणसाच्या नावाने आलेलं होतं. छोट्या धंदेवाल्यांनी हे नीट वाचावं. आमच्या किनाऱ्यावर कयाकचा धंदा करणारे आम्ही सगळे याच मापाचे आहोत: चार-सहा कयाक, दोन पोरं, आणि ‘जायचं की नाही’ हे ठरवणारा एक माणूस.

मुलांच्या पालकांनी तेवढ्यावर सोडलं नाही. प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी संसदेत खासगी विधेयक आणलं आणि १९९५ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना साहसी उपक्रमांना नेणाऱ्या केंद्रांसाठी कायदा झाला. १९९६ पासून अशा केंद्रांना परवाना आणि तपासणी लागू झाली. तोवर हे सगळं केंद्रांच्या स्वेच्छेवर होतं. एखादं केंद्र चांगलं आहे की नाही ते पालकांना कळायचा मार्ग म्हणजे छापील पत्रक.

आमच्या पाण्यात

आपल्याकडे पाणी कोमट असतं, मालवणचा समुद्र भर थंडीतही कुडकुडवणारा नाही, त्यामुळे लाइम बेसारखं होणार नाही, असं मला एकदा एका जाणत्या माणसाने सांगितलं. थंडीने जीव जाणार नाही हे खरं. पण लाइम बेमध्ये थंडी शेवटी आली. तिच्या आधी वारा होता, फुटलेला गट होता, गप्प बसलेलं घड्याळ होतं, आणि या तिन्ही गोष्टींना पाण्याच्या तापमानाशी काही देणंघेणं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेही कोमट पाण्यातच.

देवबागचा भूगोल बघा. वाळूची लांबट, निमुळती पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि दक्षिण टोकाला खाडी समुद्राला मिळते. समोर भोगवे गाव. संगमाजवळ वाळूचे उंचवटे, कांदळवन, पलीकडे डोंगर; नवख्या माणसाला कयाकमधून दाखवावी अशी ही जागा आहे, आणि मी ती आनंदाने दाखवते. पण हिवाळ्यातल्या सकाळी, ओहोटी चालू असताना, खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर ओढलं जातं आणि वर मतलई वारा. दोघांची दिशा एकच. पाणी मात्र तुपासारखं. नवख्याला वाटतं आपल्याला वल्हवायला छान जमायला लागलं. वळून परत येताना त्याला कळतं की ते त्याचं वल्हवणं नव्हतं. दुपारी उलटा प्रकार: खारा वारा बाहेरून येतो, ओहोटीचं पाणी त्याला भिडतं आणि तोंडाशी उभ्या, आखूड लाटा उठतात. त्यात तर पट्टीच्या माणसानेही उगाच जाऊ नये. म्हणून नवख्यांना आम्ही भरतीच्या पाण्यात, खाडीच्या आतल्या अंगाने नेतो, आणि समुद्राच्या बाजूला फक्त वाळू पायाशी पडते त्या दिवशी.

२०२१ मध्ये महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी त्यात सांगितली आहे. ते चांगलंच झालं. पर्यटकांनी नोंदणी विचारावी, लाज वाटून घेऊ नये. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं: आमच्यातला एक जण पडला तर बाकीच्यांचं काय करणार, आणि आपण वेळेवर आलो नाही तर किनाऱ्यावर कोणाला कळणार. ज्याच्याकडे उत्तर तयार नसेल त्याच्याबरोबर जाऊ नये, मग त्याच्या कयाक कितीही नव्या असोत.

गेल्या जानेवारीत पुण्याहून सहा जण आले होते. एक कुटुंब, वर त्यांचे शेजारी. आम्ही दोघं. मी वाळू सोडली तेव्हा ती पायाशीच पडली होती, म्हणून समुद्राच्या बाजूने निघालो. दहा मिनिटं झाली असतील, त्यातले साठीचे काका फोटोसाठी वळले आणि पडले. लाइफ जॅकेट होतं, कमरेच्या थोडं वर पाणी, हसत हसत उभे राहिले. त्यांना वर घेताना मी मागे बघितलं तर माडांच्या झावळ्या हलायला लागलेल्या. मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना किनाऱ्याला घेतलं.

काकांना ते पटलं नाही. “ताई, अहो पाणी बघा, तळं आहे नुसतं. आम्ही एवढ्या लांबून आलो.”

“काका, खाडीत नेते तुम्हाला. तिकडे भरती लागली आहे. समुद्राचं आज नको.”

“पण झालं काय? मी पडलो म्हणून? मला काहीसुद्धा झालेलं नाही.”

मी त्यांना माड दाखवला. त्यांनी माडाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि मान हलवली. ते खाडीत आले नाहीत. पैसे परत घेऊन गेले, बाकीच्या पाच जणांपैकी तिघं आले. पुढे तासाभरात वारा पडलाही असेल, मी बघायला गेले नाही.

नव्या पोरांना मी हे प्रकरण सांगून झालं की शेवटी स्वयंपाकघरात नेते. आमची खानावळ चालवणाऱ्या वहिनींना पोहता येत नाही आणि कयाकमध्ये त्या एकदाही बसलेल्या नाहीत. निघण्याआधी त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्यायची असते. ‘सहा नवखे, दोन आपले. भोगव्याच्या अंगाला. परत ९.१५. नाही आलो तर ९.३० ला १५५४, मग १०९३.’ पहिला नंबर तटरक्षक दलाचा, दुसरा सागरी पोलिसांचा. वहिनी ती चिठ्ठी मिसळणाच्या डब्याखाली अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतात. परत आल्यावर, नऊला तेरा मिनिटं कमी असोत की नऊ वाजून बारा, अंग पुसायच्या आधी तिथे जाऊन चिठ्ठी मागून घ्यायची. वहिनी ती चुलीत टाकतात, मग चहा मिळतो.